किमान मजुरीचा कायदा व त्याचीं फळें

गरीब देशांत मजुरीचा दर कायद्यानें ठरवावा कीं नाहीं, या प्रश्नावर सुशिक्षितांत दोन तट पडलेले आढळतात. एक पक्ष म्हणतो, मजुरी ही श्रमाची किंमत आहे व ती बाजारांत ठरते. सरकारनें ती बळेंच वाढविली तर मालक माणसें कमी करील आणि ज्याचें कल्याण करावयाचें तोच उपाशी राहील. दुसरा पक्ष म्हणतो, भुकेल्या मनुष्यानें केलेला करार हा करारच नव्हे. त्याच्या अडचणीचा फायदा दुसऱ्यास घेऊं देणें हा अन्याय होय. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच केवळ तर्कानें हा वाद मिटत नाहीं. अशा वेळीं इतिहासाची साक्ष काढणें बरें. सुदैवानें ती साक्ष आपल्या घरचीच आहे. १९४८ सालीं हिंदुस्थानांत किमान वेतनाचा कायदा झाला आणि पुढें सत्तर वर्षांवर तो देशांत नांदला. या दीर्घ प्रयोगांतील दोन महत्त्वाचीं प्रकरणें, एक विडीचें व दुसरें रोजगार हमीचें, महाराष्ट्राशीं निकट संबंध असलेलीं आहेत. त्यांच्या आधारें या कायद्याच्या बऱ्यावाईट फळांचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

१

ही कल्पना मूळची इकडची नव्हे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें १८९६ सालीं कांहीं धंद्यांसाठीं वेतनमंडळें नेमलीं. इंग्लंडनें १९०९ सालीं तोच कित्ता गिरविला. तेथील कायदा प्रथम शिवणकाम, कागदी पेट्या, लेस आणि साखळ्या या चारच धंद्यांपुरता होता. मोठमोठ्या गिरण्या, खाणी, आगगाड्या यांचें त्यांत नांव नव्हतें. याचें कारण उघड आहे. खाणींतील मजूर संप करूं शकत होता. परंतु आपल्या अंधाऱ्या खोलींत बसून तुकड्यावर शिवण करणारी विधवा कोणाशीं एकी करणार, आणि कोणाविरुद्ध संप करणार? ज्यांना स्वतःची बाजू मांडण्याचें बळ नाहीं, त्यांच्या वतीनें सरकारनें बोलावें, हा या कायद्याचा मूळ हेतु. १९२८ सालीं जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें जो करार संमत केला त्यांतही हीच मर्यादा घातलेली आहे: जेथें सामुदायिक करारानें वेतन ठरण्याची व्यवस्था नाहीं आणि वेतन अतिशय कमी आहे, अशा धंद्यांसाठीं वेतन ठरविणारी यंत्रणा उभारावी.

हिंदुस्थानांत या प्रश्नाची रीतसर चर्चा १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनपुढें झाली. नारायण मल्हार जोशी हे त्या कमिशनचे सभासद होते. पुढें १९३७ सालीं बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें मुंबई इलाख्यांतील कापड गिरण्यांच्या मजुरीची चौकशी करण्यास समिति नेमली. तींत धनंजयराव गाडगीळ होते. या समितीच्या १९३८ च्या हंगामी अहवालानें गिरणीकामगारांस वाढ मिळाली. पण गिरणीकामगार हा आपल्या देशांतील मजुरांचा अगदीं लहान, आणि त्यांतल्या त्यांत बोलका असा भाग होता. शेतांत, रानांत, खडी फोडण्याच्या जागीं आणि विडीच्या वखारींत राबणाऱ्यांचा आवाज मुंबईच्या कचेऱ्यांपर्यंत पोंचत नव्हता. तो आवाज १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व उंबरगांव तालुक्यांत उठला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारली मजुरांनीं वेठ झुगारून दिली आणि पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये या दराची मागणी केली. गोळीबार झाला, माणसें मेलीं. किमान वेतन हा शब्द कायद्याच्या पुस्तकांत येण्यापूर्वीं गवताच्या भाऱ्यांवर अशा तऱ्हेनें तोलला गेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखात्याचे सभासद असतांना, एप्रिल १९४६ मध्यें, किमान वेतनाचें बिल मध्यवर्ती कायदेमंडळापुढें आलें. स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम मजूरमंत्री असतांना तें संमत झालें व मार्च १९४८ पासून अंमलांत आलें.

२

या कायद्याची रचना समजून घेतली म्हणजे त्याच्या यशापयशाचा उलगडा बराचसा होतो. त्याला एक परिशिष्ट जोडलें होतें. पहिल्या भागांत गालिचे विणणें, भाताच्या व डाळीच्या गिरण्या, तंबाखू व विडी, चहाकॉफीचे मळे, तेलाच्या गिरण्या, रस्ते व इमारती, खडी फोडणें, लाख, अभ्रक, कातडीं कमावणें अशीं कामें होतीं. दुसऱ्या भागांत एकच काम होतें, आणि तें म्हणजे शेती. ज्या कामाचें नांव परिशिष्टांत नाहीं त्यास कायदा लागू नाहीं. घरकाम करणाऱ्या मोलकरणीचें नांव त्यांत नव्हतें, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

कायद्यानें दर सांगितला नाहीं. तो ठरविण्याचें काम प्रांतिक सरकारांवर सोंपविलें. पहिल्या भागास दोन वर्षांची व शेतीस तीन वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दर पांच वर्षांच्या आंत दरांचा फेरविचार व्हावा असें लिहिलें होतें. परंतु महागाई वाटेनें धांवत असतां सरकारी राजपत्र मागून रखडत येई, असा अनुभव बहुतेक प्रांतांस आला. मूळ कायद्यांत कमी वेतन देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. रुपया स्वस्त होत गेला तसतसा हा दंड धाक न राहतां नांवापुरता उरला.

किमान वेतन म्हणजे नेमकें किती, याचें उत्तर १९५७ सालीं दिल्लीस भरलेल्या पंधराव्या भारतीय मजूर परिषदेनें दिलें. एका कमावत्या माणसामागें खाणारीं तीन माणसें धरावीं. कुनूरच्या आहारसंशोधनशाळेचे एकेकाळचे संचालक डॉ. ॲक्रॉइड यांनीं सांगितलेल्या मानानें प्रत्येकीं २७०० उष्मांकांचें अन्न धरावें. चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, सरकारी चाळींच्या मानानें घरभाडें, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठीं एकूण वेतनाचा पांचवा भाग धरावा. मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठीं आणखी चौथा भाग धरला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें. म्हणजे मजुराच्या मुलास शाळा असते, ही गोष्ट हिशेबांत येण्यास चौतीस वर्षें लागलीं.

न्यायालयांनीं मात्र या कायद्याची बाजू आरंभापासून खंबीरपणें घेतली. केरळांतील कौलांच्या कारखान्यांसंबंधीं १९६१ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, किमान वेतन ठरवितांना मालकाची ऐपत पाहण्याचें कारण नाहीं. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें पुढचें पाऊल टाकलें: किमान वेतनाहून कमी दरानें काम करून घेणें ही घटनेनें निषिद्ध केलेली वेठच होय. तत्त्व म्हणून याहून स्पष्ट बोलणें शक्य नाहीं. प्रश्न एवढाच, कीं तत्त्व वखारींत आणि बांधावर उतरलें तेव्हां त्याचें काय झालें?

३

आतां विडीचें प्रकरण पाहूं. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, भंडारा, गोंदिया हीं गांवें या धंद्यानें नांवारूपास आणलीं. या धंद्यास यंत्र लागत नाहीं, इमारत लागत नाहीं, फारसें भांडवलही लागत नाहीं. तेंदूचीं पानें, जर्दा व सूत एवढें दिलें कीं काम सुरू. पानें भिजवावयाचीं, पत्र्याच्या मापानें कापावयाचीं, जर्दा भरून वळावयाचीं व दोऱ्यानें बांधावयाचीं. मजुरी हजार विड्यांवर. कारखानदार व वळणारी बाई यांच्यामध्यें बहुधा मध्यस्थ असतो. तो पानें तोलून देतो व विड्या मोजून घेतो; ज्या त्यास पसंत नाहींत त्या ‘छाट’ म्हणून बाजूस काढतो.

या धंद्याला किमान वेतन लागू झालें तेव्हां तीन गोष्टी घडल्या.

पहिली अशी, कीं हजारीं दर वाढला, पण पानांचें माप घटलें. दिलेल्या पानांत हजार विड्या बसेनात. कमी पडलीं तीं पानें बाईनें पदरच्या पैशांनीं विकत आणावीं. छाटही वाढूं लागली. कागदावर पूर्ण मजुरी, आणि हातांत येतांना तींतून पानांची किंमत व छाट वजा. सरकारचा निरीक्षक दर तपासूं शकतो. पण हजारों घरांतील पानांची पुडकीं तो कोठवर तोलणार?

दुसरी गोष्ट, धंदा उठून दुसरीकडे जाऊं लागला. एका प्रांतानें दर वाढविले कीं मालाच्या गोणी शेजारच्या प्रांतांत. ही केवळ तक्रार नव्हे. संसदेनें १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला, तेव्हां त्याच्या उद्देशपत्रांतच हें कारण नमूद केलें आहे: मद्रास व केरळ या राज्यांनीं आपापले कायदे केले, परंतु धंदा अत्यंत फिरता असल्यामुळें, जेथें असें बंधन नाहीं तेथें तो सरकूं लागला, सबब अखिल भारतीय कायदा हवा. एकाच राज्याच्या आंतही हा प्रश्न होता. संगमनेर व अकोलें तालुक्यांतील विडी कामगारांचें एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. निरनिराळ्या भागांसाठीं निरनिराळे दर ठरविण्याचा सरकारचा अधिकार त्या प्रकरणांत न्यायालयानें मान्य केला. अधिकार रास्त होता. परंतु दरांत अंतर राहिलें कीं धंद्यास सरकण्यासाठीं वाटही राहिली.

तिसरी गोष्ट अशी कीं काम वखारींतून घरांत गेलें. वखार म्हटली कीं कामाचे तास, हजेरीपट व रजा आल्या. घरांत यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. सोलापूरच्या पद्मशाली वस्तींतून वा संगमनेरच्या गल्ल्यांतून फिरल्यास उंबऱ्यांत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतात. ज्या अंधाऱ्या खोलींतील शिवणकरणीसाठीं हा कायदा जन्मास आला, तशाच खोलींत मजूर पुन्हा जाऊन बसला, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

असाच अनुभव दूरदेशीं एका बेटासही आला होता. अमेरिकेनें १९३८ सालीं ताशीं २५ सेंट असा किमान दर केला व तो गरीब पोर्तो रिकोलाही लावला. तेथें हजारों बायका घरोघर भरतकाम करून पोट भरीत असत. त्यांची मजुरी या दराच्या पुष्कळच खालीं होती. तो धंदा इतका हादरला कीं दोन वर्षांच्या आंत, १९४० सालीं, अमेरिकेच्या काँग्रेसला त्या बेटापुरते वेगळे व कमी दर ठरविण्याची सोय करावी लागली.

पण येथेंच थांबून पहिल्या पक्षाचा विजय घोषित करणें घाईचें होईल. १९६८ सालीं नवा विडी कायदा लागू करण्याची वेळ आली तेव्हां मंगळूरच्या एका मोठ्या कारखानदारानें केरळांतील कण्णूर भागांतले आपले व्यवहार बंद केले आणि हजारों कामगार रस्त्यावर आले. त्यांनीं सरकारच्या साहाय्यानें १९६९ सालीं ‘दिनेश विडी’ ही सहकारी संस्था काढली. त्याच पानांतून, त्याच हातांनीं, त्याच बाजारपेठेसाठीं विड्या वळून या संस्थेनें कायद्याप्रमाणें पुरतें वेतन व सवलती दिल्या आणि ती अनेक वर्षें भरभराटीस आली. पुढें विडी ओढणारेच कमी होऊं लागले तेव्हां तिला उतरती कळा लागली. पण ती वेतनाच्या ओझ्यानें नव्हे. धंद्याला झेपत नाहीं, असें जें सांगण्यांत येत होतें, त्यांतलें न झेपणारें किती आणि न देण्याजोगें वाटणारें किती, याचा निवाडा या एका उदाहरणानें पुष्कळसा होतो.

४

दुसरें प्रकरण शेतीचें. शेतमजुरांच्या वेतनाचा विचार करण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वि. स. पागे हे होते. तिचा अहवाल १९७३ सालीं आला. हेच पागे रोजगार हमी योजनेचे जनक. ते विधानपरिषदेचे सभापति होते. एकाच माणसाच्या विचारांत हीं दोन सूत्रें एकत्र यावींत यांत योगायोगापेक्षां अधिक कांहीं आहे. शेतमजुरास दर ठरवून दिला, तरी तो मागणार कोणाकडे? गांवांत काम देणारे चारदोन. त्यांच्याकडूनच उचल घेतलेली. त्यांच्याच विहिरीवर पाणी. कायद्याचें पुस्तक दाखविणाऱ्यास उद्यां बोलावणें येत नाहीं. त्याला जर सांगतां आलें कीं, तुम्ही इतकें देत नसाल तर मी नाल्यावरील सरकारी कामावर जातों, तरच दराला अर्थ येतो.

१९७२ च्या दुष्काळांत ही योजना उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व तो जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागांतील जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्यास तें देण्यास सरकार बांधील झालें. पैसा कोठून आणावयाचा? १९७५ सालीं बसविलेला व्यवसायकर हा त्याचा एक मोठा आधार होता. आपल्या पगारपत्रकांत दरमहा जी एक लहानशी रक्कम कापलेली दिसते, तिचा उगम पाझर तलावांवर आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर आहे, ही गोष्ट नोकरदार वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?

या योजनेचे दर शेतीच्या किमान वेतनास जोडलेले होते. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील एका प्रकरणांत दुष्काळी कामांवरील मजुरांसही किमान वेतन दिलेंच पाहिजे, असें म्हटलें होतें. मे १९८८ मध्यें महाराष्ट्रांत शेतीचें किमान वेतन वाढवून सुमारें दुप्पट करण्यांत आलें आणि त्याबरोबर हमीच्या कामांचे दरही तितकेच वाढले. न्यायाच्या दृष्टीनें हा मोठाच विजय होता. पण त्यानंतर हमीच्या कामांवरील हजेरी झपाट्यानें उतरली. पाऊस चांगला झाला म्हणून मजूर आले नाहींत, असें म्हणतां येईल. तें कांहीं अंशीं खरेंही असेल. परंतु रॅव्हेलियन, दत्त व चौधरी या तीन अभ्यासकांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आंकड्यांची छाननी करून निराळा निष्कर्ष काढला. दर वाढल्यावर कामाची मागणी वाढावयास हवी होती. पण कामेंच पुरेशीं निघालीं नाहींत. म्हणजे हमीचें वचन कायद्यांत शाबूत राहिलें आणि प्रत्यक्षांत तें आंखडलें. मालकानें माणसें कमी करावीं तशीं येथें खुद्द सरकारनेंच केलीं.

या घटनेचा अर्थ लावतांना फार सावध असलें पाहिजे. दर वाढविला हीच चूक झाली, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. दर वाढला त्या मानानें तिजोरींतून रक्कम वाढली असती आणि तालुक्याच्या कचेरींत कामांचे आराखडे तयार असते, तर कामें मिटलीं नसतीं. सिद्ध होतें तें इतकेंच, कीं दराचा आंकडा एका खात्यानें लिहावा आणि त्याचा खर्च दुसऱ्यानें मनावर घेऊं नये, असें झालें म्हणजे दोहोंच्या फटींत मजूर सांपडतो. ज्याला काम मिळालें त्याला दुप्पट मिळालें. ज्याला मिळालें नाहीं त्याचें नांव कोठल्याच पत्रकांत नाहीं.

५

हीं दोन प्रकरणें एकत्र ठेवलीं म्हणजे आरंभींच्या वादाचें स्वरूप पालटतें. काम देणारे पुष्कळ, त्यांच्यांत चढाओढ खरी आणि नफा बेताचा, असें जेथें असेल तेथें वेतन एकदम चढविल्यानें कांहीं माणसें कामास मुकतात, हें पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें ठरतें. दक्षिण आफ्रिकेंत २००३ सालीं शेतमजुरांस किमान वेतन लागू झालें. मजुरी पुष्कळ वाढली, पण शेतांवरील मजुरांची संख्याही घटली. उलट जेथें काम देणारा एकच किंवा संगनमत केलेले थोडे, आणि मजुरास दुसरीकडे जाण्याची सोय नाहीं, तेथें मजुरी मुळांतच दडपलेली असते. ती वाढविल्यानें काम घटतेंच असें नाहीं. ब्राझीलमध्यें असेंही दिसून आलें कीं, कायद्याच्या कक्षेबाहेरचे मजूरसुद्धां सरकारी दराकडे बोट दाखवून आपली मजुरी मागूं लागले. जाहीर दर हा त्यांच्या बोलण्यास आधार झाला. तेथील अभ्यासकांनीं त्यास दीपस्तंभाची उपमा दिली आहे, ती यथार्थ आहे.

तेव्हां गरीब देशांत किमान वेतनानें कल्याण होतें कीं अकल्याण, हा प्रश्नच अपुरा आहे. दर प्रांतोप्रांतीं फार वेगळा आहे काय. माप आणि छाट तपासणारा कोणी आहे काय. आणि मजुराला ‘नाहीं’ म्हणण्याची जागा आहे काय, हे तीन प्रश्न त्याबरोबर विचारले पाहिजेत. विडीच्या धंद्यांत तिन्हींचें उत्तर प्रतिकूल होतें. कण्णूरच्या संस्थेंत पानें तोलणारे व वळणारे एकच असल्यामुळें माप चोरण्याचा प्रश्न उरला नाहीं. रोजगार हमीनें ‘नाहीं’ म्हणण्याची जागा निर्माण केली. पण पैशाची व कामांची तरतूद न होतां दर चढला तेव्हां तीच जागा अरुंद झाली.

२०१९ सालीं संसदेनें वेतनसंहिता संमत करून १९४८ चा कायदा तींत विलीन केला. परिशिष्टाचें कुंपण काढून टाकून सर्व प्रकारच्या कामांस किमान वेतन असावें, आणि साऱ्या देशासाठीं केंद्र सरकारनें एक तळदर ठरवावा, असें तिचें धोरण आहे. विडीच्या इतिहासानें शिकविलेला एक धडा, म्हणजे धंद्यास पळण्यासाठीं शेजारची वाट मोकळी ठेवूं नये, हा या धोरणांत कांहींसा उतरला आहे. पण तळदर फार खालीं राहिला तर वाट उघडीच राहील, आणि माप तपासणारा नसेल तर दर किती, या प्रश्नास महत्त्वच उरणार नाहीं.

शेवटीं मोलकरणीकडे वळूं. मूळ परिशिष्टांत तिचें नांव नव्हतें, आणि तें नसण्याचें एक कारण आपणच आहों. कारखानदार, जमीनदार, मध्यस्थ यांच्यावर आपण सहज टीका करतों. परंतु मध्यमवर्गांतील बहुतेक घरें हीं स्वतःही मालक आहेत. दक्षिण आफ्रिकेंत २००२ सालीं घरकाम करणाऱ्या बायकांस किमान वेतन लागू झालें. तपासणी करणारे नाममात्र होते. तरी त्यांची मजुरी लक्षणीय वाढली आणि काम गेल्याचा म्हणण्यासारखा पुरावा अभ्यासकांस मिळाला नाहीं. जाहीर झालेला दर पुष्कळ घरांनीं पोलीस न येतांच मानला, असाच त्याचा अर्थ. कायद्याचा हात उंबऱ्याच्या आंत फारसा पोंचत नाहीं, हें खरें. म्हणूनच त्या उंबऱ्याच्या आंत योग्य मजुरी कोणती, पगारी सुटी किती, आजारपणांत पैसे कापावे कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी घरच्या माणसांवर येऊन पडते. पांचशें पौंड गवताचा दर वारल्यांस भांडून मिळवावा लागला. तितकें भांडण आपल्या दारांत होण्याची वाट पाहणें कोणत्याही सुसंस्कृत घरास शोभणारें नाहीं.